नागोरावांचं कन्सल्टिंग

नागोराव इंगोले डिझेल इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगत. स्वारगेटजवळ गेनबाच्या गॅरेजात त्यांची वीस वर्षं अशी गेली, की कामाचा कंटाळा नावाची गोष्ट त्यांना फक्त ऐकून माहीत होती. येरवड्यात शेजारीपाजारी त्यांना आदराने मिस्त्री म्हणत. उशीला डोकं टेकताच ते घोरू लागत.

दोन हजार साली त्यांनी कोथरूडला एका सोसायटीत फ्लॅट घेतला. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले रंगराव राहत. ते पहिल्याच दिवशी जिन्यात भेटले.

“आपण कुठे असता?”

“गॅरेजात. इंजिनं दुरुस्त करतो.”

“असं होय,” रंगराव म्हणाले. “चालायचंच.”

त्या एका शब्दाने घात केला. काम तेच, हात तेच, दुरुस्त झालेल्या गाड्याही पूर्वीसारख्याच पळत. नागोरावांची झोप मात्र उडाली.

शेवटी ओळखीतून त्यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीत ट्रान्सपोर्ट मॅनेजरची नोकरी धरली. गळ्यात ओळखपत्र, बसायला एसी, आणि काम एवढंच की कुठली बस किती वाजता आली ते लिहायचं. रंगराव जिन्यात बाजूला सरून वाट देऊ लागले. नागोरावांची झोप परतली, पण भूक गेली.

“अहो, आता काय झालं?” इंदुबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“दिवसभर काहीच होत नाही. तेच झालं.”

मग दर रविवारी ऑफिसात जादा काम निघू लागलं. तिसऱ्या रविवारी इंदुबाईंनी धुवायला काढलेला शर्ट हुंगला.

“तुमच्या ऑफिसात चहाऐवजी डिझेल देतात का?”

नागोरावांनी गेनबाच्या गॅरेजात जात असल्याचं कबूल केलं आणि मान खाली घालून चार भाकरी खाल्ल्या. इंदुबाईंनी भाकरी मोजल्या आणि विषय सोडून दिला.

पुढच्या रविवारी दोघं खाली उतरत असताना रंगरावांनी गाठलंच. “सुट्टीच्या दिवशीही ऑफिस?”

इंदुबाई शांतपणे म्हणाल्या, “कन्सल्टिंगला जातात. इंजिनांच्या.”

रंगराव एक पायरी जवळ आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “माझी स्कूटर महिनाभर रुसलीय. आपण एवढी लहान केस घ्याल का?”

“बघू,” नागोराव म्हणाले, आणि तिथेच बाह्या सरसावून पार्किंगमध्ये उकिडवे बसले. दहा मिनिटांत स्कूटर फुरफुरली. तोवर आणखी दोघे आपापली वाहनं ढकलत आले होते. रंगराव त्यांना रांगेत उभं करत होते.