दस्तगीरचा राम राम

"जय हिंद, अक्का. या, बसा," दस्तगीर म्हणाला आणि गोजरबाई दुकानाच्या पायरीवरच थांबली. एक पाय वर, एक खाली. सेनगावच्या पलीकडून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून लुगडं घ्यायला आलेली बाई, पण आत यायचं नाव घेईना. दस्तगीरच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

मी गादीवर बसलो होतो. मला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नसेल. म्हणून मीही मोठ्यानं जय हिंद म्हटलं. माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

हिंगोलीच्या बाजारातलं हे कापडदुकान माझ्या वडिलांचं. दस्तगीर त्यांच्याच काळात कामाला लागला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नाव दुकानावर माझं असलं तरी गिऱ्हाईक यायचं ते दस्तगीरकडे, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा रागही यायचा. माणूस पायरी चढायच्या आत तो ओळखायचा. कुणब्याला राम राम, शिरड शहापूरच्या जैनांना जय जिनेंद्र, आम्हा लिंगायतांना शरणार्थ, महानुभावांना दंडवत, स्वतःच्या मोहल्ल्यातल्यांना सलाम. हिरासिंग नायक आला की तांड्याची खुशाली त्यांच्याच बोलीत विचारायचा. मला तीस वर्षांत यातलं निम्मंही जमलं नाही. मी आपला सगळ्यांना "या" म्हणायचो.

मागच्या साली एका रझाकार पोरानं याच पायरीवर त्याच्या कानाखाली वाजवली होती. मुसलमान असून राम राम करतो म्हणून. दस्तगीरनं टोपी उचलून झटकली, पोरगं गेलं, आणि पुढचा शेतकरी आला तेव्हा याचं आपलं राम राम, फक्त जरा हळू. आता भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामी बुडाली, आणि वारं फिरलं. दस्तगीर अकरा दिवस दुकानाला आला नाही. बाराव्या दिवशी आला तेव्हा त्याची दाढी नव्हती. मी काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

मग मी माझं डोकं चालवलं. दुकानात यापुढं राम राम नाही, सलाम नाही, काही नाही. आल्यागेल्याला जय हिंद. त्याच्यावर कोण रागावणार? महिन्यापूर्वी हा शब्द काढला तर तुरुंग होता, आणि तेव्हा मी तो एकदाही काढला नव्हता, हेही सांगून टाकतो. दस्तगीर ऐकून घेऊन "जी अप्पा" म्हणाला.

त्यात दसरा आला. आमच्याकडे वडिलांपासूनची रीत होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खेड्यापाड्यांतले लोक जत्रेला म्हणून गावातच असत. त्या दिवशी दुकानात आपट्याच्या पानांची टोपली ठेवायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिलं सोनं दस्तगीरनं द्यायचं. जो हात माप भरून देतो त्याच्याच हातचं सोनं, असं वडील म्हणायचे. यंदा दस्तगीर मला नवमीलाच म्हणाला होता, "शरीफा हैदराबादला बोलावून राहिली, अप्पा. दसरा होऊ द्या, मग सांगतो." शरीफा त्याची धाकटी बहीण. दिलेली होती गोजरबाईच्याच गावात. फौज आली त्या दिवसांत तिचं घर जळलं, नवऱ्याचा पत्ता लागला नाही, आणि दोन लेकरं घेऊन ती उभ्या जवारीतून चालत निघाली ती कशीबशी हैदराबादला पोचली.

मी ओळखायचं ते ओळखलं. लोकांनी याच्या हातचं सोनं घेतलं नाही तर हा माणूस जाणार. आणि तो जायला मला नको होता. दुकानासाठी म्हणा, नाही तर माझ्यासाठी म्हणा. म्हणून मी टोपली माझ्या गादीजवळ ओढून ठेवली. सोनं मीच वाटणार होतो. त्यानं द्यायलाच नको, म्हणजे कोणी नाकारायलाही नको. केवढा शहाणपणा.

तर त्या सकाळी गोजरबाई पायरीवर उभी. शेवटी ती आत आली, पण बसली नाही. दस्तगीरसमोर जाऊन खालच्या आवाजात म्हणाली, "शरीफानं सांगितलं वाटतं तुला."

"काय, अक्का?"

"त्या सांजेला तिनं माझं दार वाजवलं. दोनदा. घरधनी म्हणाले, उघडू नको. मी कडीवर हात ठिवून हुभी राहिले, पर काढली न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणून माझा राम राम टाकलास व्हय? टाक बाबा. पर जय हिंद नको करू मला. त्या परीस शिव्या दे."

दस्तगीरला यातलं काहीएक माहीत नव्हतं. हे मला त्याच्या हातांवरून कळलं. लुगड्याची घडी घालणारे हात मधेच थांबले होते. शरीफानं भावाला जवारी सांगितली होती, पायांतले काटे सांगितले होते. दाराचं सांगितलं नव्हतं.

दुकानात खादीच्या टोप्या घातलेले दोघं धोतरं बघत होते. तेही वळून बघू लागले. बोलायचं तर मीच बोलायला हवं होतं. बाई, हा माझा हुकूम आहे, त्याचा काही दोष नाही, एवढंच तर सांगायचं होतं. पण मी समोरच्या ताग्यावरचा दोरा ओढत बसलो. लाज वाटते सांगायला.

दस्तगीर उठून माझ्या गादीशी आला. तीस वर्षांत न विचारता त्यानं माझ्याजवळची वस्तू पहिल्यांदाच उचलली. टोपली घेऊन तो परत गेला, दोन्ही हातांनी पानं पुढं केली.

"राम राम, अक्का," तो म्हणाला. "सोनं घ्या. सोन्यासारख्या राहा."

म्हातारीनं ते पदरात घेतलं आणि त्याच्या पाया पडायला वाकली. त्यानं घाईनं पाय मागं घेतले. तुम्ही मोठ्या आहात, असं काहीतरी तो पुटपुटला. मग तिला बसवलं, पाणी दिलं आणि तिला आवडतं ते हिरवं, मोठ्या काठांचं लुगडं काढून दाखवू लागला. लुगडं त्यानं नेहमीसारखंच उलगडलं.

दुपारपर्यंत टोपली निम्मी झाली. खादीच्या टोपीवाल्यांपैकी एकानं आपणहून हात पुढं केला. दुसऱ्यानं हात पाठीमागं धरले आणि तो पायऱ्या उतरून चालता झाला. दस्तगीरनं त्याच्या पाठीलाही राम राम केला. शिरड शहापूरचे लोक आले त्यांना जय जिनेंद्र. हिरासिंग नायक आला त्यानं तर पानं पागोट्यात खोवली. माझा हुकूम कुठल्या कुठं गेला, आणि मला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. सलाम घ्यायला मात्र दिवसभर कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बकरीद होती. एरवी आदल्या दिवशी मोहल्ल्यातल्या बायालेकरांमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

गर्दी ओसरल्यावर मी खुशीत म्हणालो, "मग आता शरीफाला कळवून टाक, येत न्हाई म्हणून."

"जातो, अप्पा," तो म्हणाला.

मला कळेना. "काहून? घेतलं की लोकांनी सोनं."

"घेतलं म्हणून तर जाता येतं. न्हाई घेतलं असतं तर हाकलल्यासारखा गेलो असतो. आता माझ्या पायानं जाईन." त्यानं पुढ्यातलं कापड सारखं केलं. "तकलीफ तुमाला होईल, ठाव हाय मला. पर शरीफासाठी दार उघडाया कोणीतरी पायजे ना, अप्पा."



ईदेच्या दिवशी दुकान उघडून मी तासाभरानं उठलो. आजवर ईदेला त्याला सुट्टी दिली, कापड दिलं, पण ईद मुबारक म्हणून कधी म्हटलं नव्हतं. नोकराला मालकानं काय म्हणायचं, असं तेव्हा वाटायचं. त्या दिवशी म्हणायचं ठरवलं. मोहल्ल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलोही. कोपऱ्यावर ओळखीचे चारजण उभे होते. "अप्पा, इकडं कुठं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, असंच. आणि परत फिरलो.

तिसऱ्या दिवशी तो निघाला. स्टेशनावर मी गेलो. जुलेखा, त्याची बायको, बोचकं मांडीवर घेऊन डब्यात बसली होती. तो खाली उभा होता. फलाटावर बाजारातले निम्मे लोक होते, आणि माझ्याकडेच बघत होते. बघू देत म्हटलं.

"दस्तगीर," मी म्हणालो, "ईद मुबारक." दोन दिवस उशिरा, आणि तेही घसा खाकरून.

तो बघतच राहिला. मग त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. "नुसतं म्हणायचं न्हाई, अप्पा. गळ्याला गळा लावायचा," असं म्हणून तो पुढं आला. मी चुकीच्या बाजूला मान घातली, आमची डोकी आपटली. त्यानं माझे खांदे धरून मला नीट केलं, गिऱ्हाइकाला कोट घालून दाखवायचा तसं.

"आधी हा खांदा. मग तो. मग परत हा."

तिसऱ्या वेळेला मला त्याला सोडता येईना. गार्डानं शिट्टी मारली, डबे हलले, जुलेखा खिडकीतून काहीतरी म्हणाली.

"अप्पा," तो माझ्या खांद्यावरच हळू म्हणाला, "गाडी."