साखर आणि साबण

सासूबाईंना इस्पितळात तिसऱ्यांदा तेच जुलाब लागले. औषधाने जंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू कवचात दडून बसतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. मी याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्या जंतूच्या अंगावरच्या साखरेपासून लस बनवतेय. उंदरांना ती लागू पडली आहे.

संचालक वॉर्डात आले ते माझं काम बंद केल्याचा कागद घेऊनच. तो माझ्या हातात देऊन, सासूबाईंच्या खाटेचा कठडा धरून म्हणाले, "साखरेची कसली लस, बाई? स्वच्छता ठेवली की झालं!" मग ऐटीत सॅनिटायझर चोळलं आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा हात धरायला पुढे झाले.

मी त्यांचं मनगट पकडलं. "आजोबांना हात लावायचा नाही. कठड्यावरून हाताला लागलेले बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्यात हात धुवावे लागतात."

"सोडू नकोस गं त्याला," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या.

कागद काखोटीला मारून मी साहेबांना बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला. ते हात धुऊ लागले.

"किती वेळ धुवायचे?" त्यांनी वैतागून विचारलं.

"लस येईपर्यंत."