दोन अँपिअरचा फ्यूज

मोटारसायकलला जादा दिवे मी स्वतः बसवणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला माघार घेता आली असती. ही नुसती म्हणाली, "बसवा की. संध्याकाळच्या आत झालं म्हणजे झालं."

ही म्हणजे माझी बायको. हौशी नाटकमंडळीत ती कित्येक वर्षं विंगेत बसून दुसऱ्यांना त्यांची विसरलेली वाक्यं सांगत आली. या खेपेला तिला पहिल्यांदाच भूमिका मिळाली होती, तीही चोरांच्या टोळीच्या म्होरकीची. तालमी नदीपलीकडच्या सभागृहात, सगळ्यांची कामं आटोपल्यावर, म्हणजे अंधार पडल्यावर. त्या वाटेला तेव्हा बस नसते. कागद कारखान्याच्या लांबलचक भिंतीशेजारी रस्त्यावर एक दिवा नाही. आदल्या दिवशी मी तिला घेऊन निघालो आणि त्या भिंतीपाशीच थांबलो. आमच्या जुन्या गाडीचा हेडलाइट मिणमिणता. रस्ता कुठे संपतो आणि चर कुठे सुरू होतो ते मला दिसेना. आम्ही परत फिरलो. घरी पोचल्यावर दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला. "उद्या आलात तर भूमिका तुमची. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल हो. राग मानू नका."

दिव्यांची जोडी खरं तर घरातच होती. मी ती पूर्वीच आणून कपाटावर ठेवली होती आणि ती कशी बसवावी याविषयी वाचत होतो. जन्मभर छापखान्यात बसून लोकांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, त्यामुळे वाचण्याची सवय आहे. करण्याची नाही. एखादी गोष्ट पुरती वाचून झाली की ती करून झाल्यासारखंच मला वाटतं.

सकाळी सीट काढली, टाकी उचलून बाजूला ठेवली. बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवली, कारण सगळ्यांनी तसंच लिहिलं होतं. मग रिले बसवला. रिले म्हणजे आगपेटीएवढी काळी डबी. हँडलवरचं बटण त्या डबीला फक्त इशारा देतं. दिव्यांचा खरा प्रवाह बॅटरीतून परस्पर डबीमार्गे जातो, त्यामुळे बोटाखालचं बटण तापत नाही. इशाऱ्याची तार मागच्या दिव्यावरून घेतली, म्हणजे किल्ली काढली की सगळंच बंद. फ्यूज बॅटरीला अगदी चिकटून. वायर चांगली जाड घेतली, तिच्यावर नळी चढवली, आणि हँडल पुरतं डावीकडे, पुरतं उजवीकडे वळवून कुठे ताण बसत नाही ना ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. ही दारातून म्हणाली, "अहो, त्या हँडलला चक्कर येईल."

दुपार कलताना मेव्हणा आला. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि जगातली प्रत्येक वस्तू आपण पूर्वी एकदा दुरुस्त केली आहे असं समजतो.

"भाऊजी, एवढ्या तारा? इस्पितळात ठेवलंय का गाडीला?"

"झालंच आता," मी म्हणालो.

टाकी बसवली, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर दोन पांढरेशुभ्र गोल उमटले. ही टाळी वाजवणार तोच गोल गेले.

फ्यूज उडाला होता. नवा घातला. दिवे लागले, आणि हिने "वा" म्हणेपर्यंत गेले. मी सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. कुठे सोललेली नाही, कुठे लोखंडाला टेकलेली नाही. तिसरा फ्यूज घातला, तोही गेला. हे आपल्याला जमणारं नव्हतंच, असं मनाने तत्परतेने सांगितलं. मन अशी बातमी नेहमी सगळ्यांच्या आधी देतं.

मेव्हण्याने खिशातून चॉकलेट काढलं, खाल्लं आणि त्याची चांदी गुळगुळीत करत म्हणाला, "सरका. ही फ्यूजला गुंडाळतो. मग बघू कसा उडतो."

"तसं करत नाहीत," मी म्हणालो.

"अहो, माझ्या गाडीला मी हेच केलंय."

"तुझ्या गाडीतून धूर आला होता ना रे?" हिने विचारलं.

"तो वेगळा धूर होता, ताई."

एव्हाना ऊन उतरलं होतं. हिने बाहेर जायची साडी नेसली होती, केस बांधले होते, हातात संहितेची गुंडाळी होती. तिने त्या चांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजच्यापुरतं चालणार नाही का हो? उद्या नीट करा."

हिला मी नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. तशी वेळच येत नाही, मी आधीच हो म्हणालेलो असतो. पण ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जात होती आणि टाकीमागे ही बसणार होती.

"नाही," मी म्हणालो. "फ्यूज उडतोय म्हणजे काहीतरी चुकलंय. ते कळेपर्यंत दिवे लावायचे नाहीत. आज नाही आणि उद्याही नाही."

मेव्हण्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातलं कपाट बोललं.

हिने गुंडाळी काखेत मारली. मग म्हणाली, "बरं. बाईंना फोन करते." आत जायला वळली आणि उंबऱ्याशी थांबली. "पण मला एक सांगा. त्या दिव्यांना मुळात लागतं किती?"

वायर, रिले, नळ्या, सगळ्यांविषयी मी वाचलं होतं. दिव्यांना मात्र काही विचारलं नव्हतं. आत जाऊन खोकं आणलं. प्रत्येकी तीस वॅट. म्हणजे दोघांचे साठ. बॅटरी बारा व्होल्टची. साठला बाराने भागलं.

"पाच," मी म्हणालो. "पाच अँपिअर."

"आणि तुम्ही घातलेला?"

"दोनचा."

"दोनचा का?"

"पुडक्यात सगळ्यात लहान तोच होता," मी म्हणालो. "म्हटलं, जितका लहान तितका सुरक्षित."

मेव्हणा हसत हसत पायरीवर बसला. "भाऊजी, भीतीने वायर घेतली हत्ती बांधायची आणि फ्यूज मुंगीचा."

"वायर जाड आहे तेच बरं झालं," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. "तिच्यावर साडेसातचा फ्यूज खुशाल चालेल. दिव्यांना पुरेल, आणि काही बिघडलं तर वायरीच्या आधी तोच जाईल."

पुडक्यातला साडेसातचा तपकिरी फ्यूज काढून बसवला. बटण दाबलं. गोल उमटले आणि राहिले. गाडी चालू ठेवून मेव्हण्याने चहा केला, आम्ही तो प्यायलो, तरी राहिले. मी वायरीवर हात फिरवला, फ्यूजच्या घराला बोट लावलं. सगळं गार. किल्ली बंद केली, दिवे विझले.

"चला," ही म्हणाली.

"थांब. आधी मागे बस. तू बसलीस की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुझ्यासकट दिवे खाली वाकवायचे." मी दिवे पुन्हा लावले.

"म्हणजे माझ्या वजनाचा हिशेब भिंतीवर होणार?"

"ताई, हलू नकोस," मेव्हणा पाना घेऊन वाकला. "उजेड भिंतीवर चढायला लागलाय."

तिने त्याच्या पाठीत गुंडाळी हाणली. तरी त्यानेच गोल नीट खाली आणून बोल्ट आवळले. चांदी त्याने खिशात परत ठेवली. कशासाठी, देव जाणे.

आम्ही हेल्मेटं घालून निघालो. पुलावर दिवे होते तोवर मी बटणाला हात लावला नाही. कारखान्याची भिंत आली, अंधार आला, मी बटण दाबलं. रस्त्याची कडा, चर, चरातलं गवत, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. समोरून ट्रक आला तेव्हा मी दिवे बंद केले आणि तो गेल्यावर पुन्हा लावले. लागले.

हिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. भिंतीच्या मध्यावर तो सुटला. मागून टोळीला दरडावल्याचा आवाज आला आणि गाडी किंचित हलली.

"अगं, धरून बस."

"या प्रसंगाला दोन्ही हात लागतात," ती म्हणाली. "तुम्ही पुढे बघा."

मी वेग आणखी कमी केला. भिंत संपायच्या आत तिचा प्रसंग संपायला हवा होता.