एकावन्न टक्के

अमेरिकेतल्या ईरी शहरात बाराव्या रस्त्यावरचं ते पत्राकामाचं वर्कशॉप बर्नडीनच्या वडिलांनी उभं केलं होतं. शाळा-दवाखान्यांच्या छतांतून गरम हवा फिरवणारे मोठमोठे नळ तिथे बनत. बर्नडीन दहा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या हाताखाली पत्रा आखायला शिकली. पण मरायच्या आधी म्हाताऱ्यानं वर्कशॉप केलं ते जावयाच्या नावावर. "ठेकेदार बाईशी बोलत नाहीत गं," एवढंच म्हणाला. तिला ते फार लागलं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी भांडणार कसं?

पुढची तेवीस वर्षं मापं तिची, अंदाजपत्रकं तिची, कामगारांच्या रजा-कटकटीही तिच्याच. नवरा वॉल्ट ठेकेदारांबरोबर तळ्यावर मासे पकडायला जायचा आणि हात मिळवून कामं पक्की करून परत यायचा.

मग शाळांची काही कामं बायकांच्या मालकीच्या धंद्यांसाठी राखीव झाली. वॉल्टनं एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा टाकला.

"घे. एकावन्न टक्के तुझे. आजपासून मालकीणबाई तू!"

बर्नडीनचे हात पिठात होते. ते पुसून, जिथे जिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या तिथे तिथे तिनं हसत सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी कुलूप काढताना ती क्षणभर थबकली. 'आपलं,' असं तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

त्या राखीव कामांसाठी केलेल्या अर्जाच्या तपासणीला फेब्रुवारीत सरकारकडून ट्रेडवेल नावाच्या बाई आल्या. वॉल्ट बाहेर गाडीत जाऊन बसला.

"चौकोनी नळ गोल नळाला जोडायचा, तर तो तुकडा कसा आखाल?" बाईंनी विचारलं.

बर्नडीननं पत्रा ओढला, कंपास लावला आणि एकही रेघ न खोडता आखून दाखवला. कातरयंत्रावरचा म्हातारा ड्वेन तिकडूनच ओरडला, "बाई, आमचं अडलं की आम्ही हिलाच विचारतो! वॉल्टला विचारलं तर तोही हिलाच विचारतो!"

सगळे हसले. ट्रेडवेलबाईही हसल्या. मग ऑफिसात बसून त्यांनी फाईल उघडली आणि त्यांचं हसू मावळलं.

"मिसेस कोसिक, वकिलांकडून आलेल्या गठ्ठ्यात हा कागद होता. ही सही तुमचीच?"

सही तिचीच होती. वर लिहिलं होतं, की नवरा मागेल त्या दिवशी, कारण न विचारता, तिचा सगळा हिस्सा त्याच्या नावे परत होईल.

बर्नडीननं ते दोनदा वाचलं. "मी हे वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

"तुम्ही तुमच्या यजमानांना कामावरून काढू शकता?"

"नाही."

"बँकेत सही कोणाची चालते?"

"त्याची." तिनं मान वर केली. "पण काम सगळं मी करते हो. तुम्ही आत्ता पाहिलंत."

"पाहिलं, आणि माझा विश्वासही आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण मी काम तपासत नाही. मालकी तपासते."

त्या गेल्यावर बर्नडीन कोट न घालताच बर्फातून गाडीपाशी गेली.

"माझ्याकडून हे लिहून घेतलंस तू?"

"वकिलानं सुचवलं. उद्या तू सोडून गेलीस तर?"

"जायचं असतं तर तेवीस वर्षांत गेले नसते?"

"कागदच तो, बर्नी! चल, आत बस, गारठशील."

ती बसली नाही. पायीच घरी गेली.

अर्ज नामंजूर झाला. मे महिन्यात वॉल्टनं हिस्सा परत घेतला आणि थंडीआधी वर्कशॉप क्लीव्हलंडच्या एका कंपनीला विकून टाकलं. बर्नडीननं तोवर वेगळी खोली भाड्यानं घेतली होती. स्वतःचं छोटं दुकान टाकावं म्हणून ती बँकेत गेली, तर तिथल्या माणसानं विचारलं, "आधी कधी धंदा चालवलाय?" वॉल्टच्या पगारपत्रकात तेवीस वर्षं तिच्या नावापुढे 'ऑफिसातली मदतनीस' असंच लिहिलेलं होतं. कर्ज मिळालं नाही.

नव्या कंपनीनं तिला ठेवलं, पण पुढच्या टेबलावर, फोन घ्यायला. सुरुवातीला ड्वेन गुपचूप नकाशे आणून दाखवायचा. व्यवस्थापकानं ते पाहिलं आणि दोघांनाही दम दिला. तेव्हापासून तो यायचा थांबला.

एका सकाळी एका शाळेतून फोन आला. हवेचा नळ चुकीच्या मापाचा बसवलाय, वर्गात मुलं कुडकुडताहेत.

"जरा मालकांना द्या."

"ते क्लीव्हलंडला असतात," बर्नडीन म्हणाली. "सांगा, मी निरोप लिहून घेते."