तीनशे बारा दोनदा लिहिलं तर

दोंडाईचाला मिरच्या वाळवायच्या मैदानावर शून्यानंद महाराजांचा मांडव पडला आणि माणसं शिंकत शिंकत दर्शनाला लोटली. शिंकेतून रोग बाहेर पडतोय, असं महाराज सांगत.

चमत्कार मात्र आकड्यांचा होता. मधुमेह्याने आपल्या साखरेचा तीन आकडी अंक सांगायचा. महाराज तो फळ्यावर शेजारी शेजारी दोनदा लिहीत आणि त्या लांबलचक संख्येला सात, अकरा, तेरा यांनी वेगवेगळं भागायला लावत. तिन्ही वेळा बाकी शून्य.

"सात ऋषी, अकरा रुद्र, तेरा अक्षरी मंत्र! गणितात काही उरलं नाही, मग अंगात कसं उरेल?"

यशोदाबाईंचा अंक होता ३१२. त्यांचे यजमान रुपचंद आबा यांनी काल स्वतः मोबाइलवर ३१२३१२ भागून पाहिलं आणि ते गहिवरले. रोज सकाळी बायकोला इन्सुलिनची सुई तेच टोचत, आणि टोचताना डोळेही तेच मिटत. त्यामुळे सुया तापी नदीत सोडायची महाराजांची आज्ञा त्यांना फार गोड लागली. आज सकाळची सुई चुकलीच होती. औषधांची पिशवी काखेत मारून ते नारळ द्यायला आले होते. शेजारी यशोदाबाई घटाघटा पाणी पीत होत्या, तरी त्यांच्या घशाची कोरड जात नव्हती.

सून सारिका शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "आबा, कालचंच गणित करा. पण दर वेळी पहिल्यापासून नको. सातने भागून येईल त्याला अकराने भागा, त्याला तेराने."

आबांनी बटणं दाबली. ४४६१६. मग ४०५६. मग त्यांचं बोट थांबलं.

"काय ऊनं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"तीनशे बारा. व्हती तितलीच शे. एक दाणा कमी नही."

"सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार एक हजार एक, आपल्या आहेराचा आकडा," सारिका म्हणाली. "तीनशे बारा दोनदा लिहिले की तीनशे बारा हजार आणि वर तीनशे बारा होतात. म्हणजे तीनशे बाराची एक हजार एक पट. महाराज आधी गुपचूप गुणतात, मग सगळ्यांदेखत भागतात. कुठलाही तीन आकडी अंक घ्या."

दर्शनाला आलेल्या मगनने बाहेर बंद पडलेल्या आपल्या मोटारसायकलच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे घेतले. तिचीही बाकी शून्य आली, पण गाडी काही सुरू झाली नाही. मांडवात हशा पिकला.

"यंत्राला श्रद्धा नसते," महाराज गरजले.

"साखर मोजाचं बी यंत्रच शे ना, महाराज," यशोदाबाई म्हणाल्या. "तुमले अंक त्यानीच दिन्हा." आणि नवऱ्याकडे वळून, "ती पिशवी आठे द्या."

मांडवातून ते तडक दवाखान्यात गेले. बाकी शून्य येणं हा त्या संख्येचा गुण आहे, तिथे ना ऋषी ना रुद्र. साखर किती हे तपासून पाहावं आणि औषध किती हे डॉक्टरांना विचारावं.

दुसऱ्या दिवशी आबांनी सुई टोचली, ती डोळे उघडे ठेवून.