बाबांनी पाहिलेल्या बाटल्या

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी जॅमच्या बरणीवरून आमचं वाजलं. उत्तेजक चाचणीसाठी खेळाडूंच्या लघवीच्या बाटल्या सीलबंद करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे घरातली बरणीसुद्धा ते झाकण चारी बाजूंनी न्याहाळल्याशिवाय उघडत नसत.

“बाबा, जॅम आहे तो. शर्यतीत धावणार नाहीये.”

“तू तरी कुठे धावलीस?” ते बोलून गेले आणि ओशाळले.

सात वर्षांपूर्वी आमच्या संघातल्या पाच जणांच्या बाटल्या गुपचूप बदलल्या जाताना त्यांनी पाहिलं आणि वर कळवलं. बंदी मात्र अख्ख्या देशाच्या खेळाडूंवर आली. त्यात मीही घरी बसले.

“अजून राग आहे माझ्यावर?”

“आधी टोस्ट खा, गार होतोय,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

भेटायला आलेले माझे कोच हळहळले. “देवमाणूस होते, पण तुझं नुकसान त्यांच्याच हातून झालं गं.”

खोली माणसांनी भरली होती. मी मोठ्यानं म्हणाले, “सर, मला बसवलं हा अन्यायच होता, पण तो बाबांनी नाही केला. त्यांनी पाहिलं ते सांगितलं आणि बरोबरच केलं. वर्षभर राग होता मला. मग तो गेला, आणि मी त्यांना सांगितलंच नाही.”