फुगडीतला भार

“मागं रेल गं, भिऊ नको. तू रेलल्याबिगर मी उभी कशी ऱ्हाणार?”

क्रांतीचा तो आवाज धैर्यशीलच्या कानातून गेला नव्हता. लग्नानंतरची पहिली नागपंचमी होती. शिरोळच्या त्यांच्या गल्लीत बायकांनी फेर धरलेला, आणि ही नवी सून कुणा बुजऱ्या पोरीचे हात धरून तिला फुगडी शिकवीत होती. धैर्यशील दुधाची किटली घेऊन कडेला उभा राहिला, तो डेअरीला जायचंच विसरला.

आता ती नव्हती. दोन वर्षांमागं, ऊसतोडीच्या दिवसांत, पोरांना शाळेतून आणायला निघालेली क्रांती मोपेडसकट उसाच्या ट्रॉलीखाली गेली. बारावं झालं आणि धैर्यशीलनं पोरांची दप्तरं खुंटीला अडकवली ती अडकवलीच. त्या रस्त्यावर पोरांचं पाऊल पडू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. पण लोकांना तो तसं सांगत नसे.

“शाळंत काय शिकवत्यात हो?” तो म्हणायचा. “मी बी.एस्सी. झालोय की. घरातच शिकवतो.”

आणि शिकवायचाही जीव ओतून. सकाळी धारा काढून झाल्या की म्हशीच्या गळ्यातली जुनी घंटा तो सोप्यात वाजवायचा. भाकरीचे चार तुकडे करून अपूर्णांक, शेवग्याच्या फुलावर विज्ञान, पेपर वाचून मराठी. पाढे गोठ्यात म्हणायचे. म्हशी रवंथ करत ऐकायच्या. तेजस्वी दहा वर्षांची, राजवीर सात. हजेरी घ्यायचीच, हा तेजस्वीचा हट्ट. पण दोन नावांत हजेरी संपून जायची. मग राजवीर ताईनं सांगितलेली तिच्या जुन्या वर्गातली नावं पुकारायचा, आणि तेजस्वी एकेकीच्या आवाजात “हजर” म्हणायची. एक आवाज सर्दी झालेला, एक चिरका, एक झोपाळू. धैर्यशील पोट धरून हसायचा. चांगला खेळ काढलाय पोरांनी, असं त्याला वाटायचं.

दर जूनला तो विचारायचा, “जायचंय का गं शाळंत?”

“न्हाई. हितंच बरं हाय,” तेजस्वी म्हणायची.

शेजारच्या बनाकाकूनं विषय काढला की तो हेच उत्तर पुढं करायचा. “पोरगीच न्हाई म्हणतीया काकू, मी काय करू?”

यंदा पंचमी जवळ आली तेव्हा तेजस्वी म्हणाली, “आप्पा, फुगडी शिकवा की. आईला येत होती न्हवं?”

“मला कुठली येतीया, बाई?”

“तुमास्नी भूमितीबी येत नव्हती. आदल्या दिशी वाचून शिकीवलासाच की.”

मग गोठ्यामागं, कुणी बघत नाही असं बघून, हा मिशीवाला गडी लेकीचे हात तिढा घालून धरायचा आणि गरगर फिरायचा. राजवीर टाळ्या पिटायचा. क्रांती म्हणायची त्या गाण्यातली एकच ओळ त्याला आठवत होती, तीच तो पुन्हा पुन्हा म्हणायचा: ‘हाताला हात, घातला तिढा...’ पुढचं काही केल्या सापडेना. लेक पडेल या धास्तीनं सगळा भार तो आपल्याच अंगावर घ्यायचा. पाखरू धरावं तशी तिला धरायचा.

पंचमीला बनाकाकूच्या अंगणात पोरी जमल्या. काकूच्या नातीनं तेजस्वीचे हात धरले. पोरींनी सूर धरला:

हाताला हात, घातला तिढा,
तुझा माझा भार, सारखाच ओढा.

कुडाशी उभा धैर्यशील ओठांतल्या ओठांत त्यांच्यामागं म्हणू लागला. हीच ती ओळ.

नात मागं रेलली. तेजस्वी सरळच उभी. समोरून ओढच नाही म्हटल्यावर हात सुटले आणि नात धाडकन पाठीवर आपटली.

“घरच्या शाळंत एवढंच शिकवत्यात व्हय गं?” कुणीतरी म्हणालं, आणि पोरी फिदीफिदी हसल्या.

काकूनं नातीची पाठ झाडली. कुडाकडं बघून म्हणाली, “धैर्या, चुकी पोरीची न्हाई रे. तुझ्यासंगं खेळून तिला भार टाकायचंच ठावं न्हाई.”

घरी आल्यावर दिवेलागणीला धैर्यशील गोठ्यामागं गेला, तर ती तिथंच उभी.

“ये. परत करू,” तो म्हणाला. तिनं हात दिले. “आता रेल मागं.”

ती रेलेना.

“अगं, रेल की. मी धरलंय.”

“मी रेललो तर तुमी पडशीला.”

“मी? म्हशीला ढकलून बाजूला करतोय मी. मी कशानं पडतोय?”

तेजस्वी नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. बाजारात चुकलेल्या लहान पोराकडं मोठ्या माणसानं बघावं, तशी. धैर्यशीलच्या कानात कुठून तरी तोच आवाज आला, तू रेलल्याबिगर मी उभी कशी ऱ्हाणार. त्यानं पाय जुळवले आणि तो स्वतःच मागं रेलला. थोडा, मग आणखी थोडा.

लेकीच्या टाचा मातीत रुतल्या. मनगटं ताणली. पण तिनं धरलं. मग हळूहळू तीही रेलली, आणि तिचा खरा भार त्याच्या हातांना पहिल्यांदा कळला. वाटला होता त्याहून किती तरी जास्त.

फिरायचं दोघांनाही सुचलं नाही.

“आप्पा,” तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज हातांसारखाच ताणलेला. “मला शाळंत जायचंय. पयल्यापास्नं जायचं होतं. आमी दोघं गेलो की घरात तुमी एकटंच उरताय, म्हणून मी न्हाई म्हणत होतो.”